वारुळाचं डोहाळजेवण

आमच्या आवारातली घोरपड साडेसात फूट लांब होती. नम्रता म्हणते, सव्वातीन. ती प्राणिशास्त्र शिकवते आणि तिच्या पर्समध्ये टेप असते, त्यामुळे मी वाद घालत नाही. पण मीही त्याच विभागात अडतीस वर्षं लॅब अटेंडंट होतो, आणि माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय, की तिचं तोंड स्टाफरूमच्या दारात पोचायचं तेव्हा शेपूट अजून कॉमर्सच्या व्हरांड्यात तास बुडवत असायचं.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मी रोज सकाळी आत जातो आणि वॉचमन सलाम ठोकतो. नाव सांगितलं तर उद्या गेटवर ओळखपत्र मागतील. एवढंच सांगतो की आवार परळला आहे, जागा जुन्या गिरणीची आहे, आणि मागच्या भिंतीला लागून अर्धा एकर रान आहे. गिरणी बंद पडल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. उंबर, भोकर, घाणेरीची जाळी, आणि मधोमध छातीइतकं उंच वारूळ. चहूकडून चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर. वरून बघणाऱ्याला वाटत असेल, परळच्या शर्टाचं एक बटण तुटलंय आणि आतले केस दिसतायत.

त्या रानात मुंगसाचं जोडपं आहे, तांबट आहेत, घुबडांची तिसरी पिढी आहे. बेडूक तर इतके, की एका जूनमध्ये त्यांच्या आवाजामुळे तोंडी परीक्षा लेखी घ्यावी लागली. पण या सगळ्यांत मान घोरपडीचा. बरोबर अकरा वाजता ती रानातून निघायची. एकेका खोलीच्या दारात थांबायची, जीभ बाहेर काढायची, आत कोण आहे कोण नाही त्याचा अंदाज घ्यायची आणि पुढं जायची. आमची माळीण शेवंती वरळीच्या बीडीडी चाळीतली. तिचा आजा गिरणीत होता. ती म्हणाली, "ही तर मुकादमबाई. खात्याखात्यातून फिरते बघा." तेव्हापासून नाव पडलं मुकादमबाई.

गेल्या दिवाळीच्या आधी, भरदुपारी, आवारातल्याच एका गाडीनं रिव्हर्स घेतला आणि मुकादमबाई संपली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. तिला बघून वीस वर्षं ज्यांनी खुर्चीवर पाय घेतले होते, ते प्राध्यापक दाराकडे बघत बसले.

त्या दिवशी नम्रता मला वारुळापाशी घेऊन गेली. "काका, ऑगस्टमध्ये तिनं इथं अंडी घातलीत. तीन दिवस ती वारूळ उकरत होती. मी पाहिलंय. वाळवी वरून सगळं लिंपून घेते. आतला उबारा आयता. उन्हाळ्याच्या शेवटी पिल्लं बाहेर येतील. आपल्या आवारात दुसरी मादी नाही. ही अंडी गेली की इथल्या घोरपडी संपल्या."

"फोटो आहे?"

तिनं मोबाइल दाखवला. फोटोत नव्वद टक्के नम्रताचा अंगठा होता आणि उरलेल्या दहा टक्क्यांत एक तपकिरी ढग.

आता एप्रिल उजाडला. आणि त्याच एप्रिलात आमचे नवे कुलसचिव हितेंद्र साहेब यांना निसर्गाचं प्रेम उफाळून आलं. सोमवारी मूल्यांकन समिती येणार होती. समितीला दाखवायला काहीतरी हिरवं पाहिजे, म्हणून साहेबांनी ठरवलं, जैवविविधता उद्यान करायचं. जागा मागची. आधी ते रान आणि वारूळ जेसीबीनं सपाट करायचं, मग त्यावर तयार लॉन अंथरायचं, पेव्हर ब्लॉकची पायवाट करायची आणि फायबरची दोन हरणं, एक जिराफ, एक पेंग्विन ठेवायचा. पेंग्विनच्या पोटात कचरा टाकायची सोय.

नम्रता त्यांच्या केबिनमध्ये गेली. मी फाईल पोचवायच्या निमित्तानं मागोमाग गेलो. निवृत्त माणसाकडे फाईल कुठून आली, हे कुणी विचारत नाही.

"सर, ते वारूळ पाडता येणार नाही. आत घोरपडीची अंडी आहेत. संरक्षित प्राणी आहे."

"घोरपड गेली ना? शोकसंदेशावर मीच सही केलीय."

"अंडी आहेत सर."

"दाखवा."

"दाखवायला वारूळ फोडावं लागेल."

"मग फोडूया," साहेब खूश झाले. "अंडी निघाली तर लगेच थांबतो. शब्द दिला."

नम्रता बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. तिनं वन विभागाला अर्ज दिला होता, चार फोनही केले होते. तिकडचा माणूस म्हणाला, सोमवारी सकाळी येऊन बघतो, पंचनामा करतो. जेसीबी लागणार होता शुक्रवारी. "तीन दिवस, काका," ती म्हणाली. "फक्त तीन दिवस कुणीतरी ते मशीन धरून ठेवायला पाहिजे."

जेसीबी धरून ठेवणं मला अवघड नव्हतं. तरुणपणी मी लालबागला एक हातगाडी उतारावर एका करंगळीनं धरली होती. पण आता गुडघे दुखतात.

गुरुवारी ठेकेदार मशीन घेऊन आला. जयवंत त्याचं नाव, संगमेश्वरकडचा. छाती पिंपासारखी, आणि मिशी इतकी रुंद की तिच्या दोन टोकांना वेगवेगळे पिनकोड लागतील. जेसीबी तो स्वतःच चालवायचा. मशीन रानाच्या तोंडाशी लावून तो गंगुबाईच्या कँटीनमध्ये चहाला बसला. गंगुबाई मालवणची. तिच्या घावण्यांसाठी दोन कुलगुरूंनी बदली नाकारली होती. शेवंतीही तिथेच बसली होती.

मी सहज म्हणून जयवंतसमोर बसलो. "घरी कोण कोण?"

"बायको, तीन पोरं," तो म्हणाला. "तिन्ही वेळा नऊ-नऊ महिने मशीन भावाच्या हातात दिलं होतं बघा. घरात पोटुशी बाई असताना आपण जमीन फोडत नाही. आईनं सांगितलंय."

झालं. एवढं कानावर पडलं आणि माझी जीभ सुटली. शपथेवर सांगतो, मी तिला सोडली नाही, ती आपसूक सुटली.

"घरातच कशाला, जयवंतराव? आमच्या कणकवलीकडे त्याहून कडक आहे. ज्या जागेत डोहाळजेवण झालं, त्या जागेत बाळंतपण होईस्तोवर कुदळ मारत नाहीत. एकानं मारली होती."

"मग?"

"मिशा आत वाढल्या."

जयवंतचा कप ओठापाशी थांबला. "आत म्हणजे?"

"बाहेरून बंद झाल्या, आतून चालू. जेवताना घासाबरोबर स्वतःची मिशी चावायचा. न्हावी यायचा तो तोंड उघडून आत दिवा लावायचा. शेवटी बिचाऱ्याला शिट्टी वाजवता येईना. वाजवायला गेला की वेणी बाहेर यायची."

"काहीतरीच काय, तात्या!" जयवंत खो खो हसला. हसता हसता त्याची जीभ वरच्या ओठाच्या आतून एकदा फिरून आली. ते शेवंतीनं पाहिलं.

तो गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली. "तात्या, मग करूया की."

"काय?"

"डोहाळजेवण. उद्या. तिथंच."

गंगुबाईनं झारा आपटला. "अगो, आवस तर गेली मां? मगे डोहाळे कोणाचे पुरवतलंस? ह्या म्हाताऱ्याचे?"

शेवंती शांतपणे म्हणाली, "आई अंडी ठेवून गेली. आता पोटात घेऊन कोण बसलंय? वारूळ. आठ महिने झाले, ऊब देतंय, लिंपून घेतंय. पोटुशी तेच की."

गंगुबाईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कमरेला पदर खोचला. "राजाराम, हिंदमाताक जा. हिरवी साडी हाड." राजाराम म्हणजे मी. निघालो साडी आणायला.

कोपऱ्यातल्या टेबलावर नम्रता कपाळाला हात लावून बसली होती. "काका, मी उद्या विभागप्रमुखांना काय सांगू?"

"सांग, फिल्डवर्क."

हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात दीपक नावाचा विक्रेता होता. गादीवर ऐसपैस बसून त्यानं विचारलं, "डोहाळजेवणाची? घ्या की. सूनबाई उंच आहेत का ठेंगण्या?"

"साडेचार फूट."

"नाजूक दिसतात. कंबर?"

"अकरा फूट."

दीपकनं हातातली साडी खाली ठेवली. "जुळं आहे का हो?"

"वीसेक असतील, असं मॅडम म्हणतात."

पण धंद्यातला माणूस, सावरला. "चालताना त्रास होत असेल."

"चालत नाही. एका जागी असते. उन्हातान्हात."

"अरेरे," दीपक म्हणाला आणि त्यानं दोन साड्या काढल्या, काठ जोडून बघितले आणि मला नऊ वेळा बजावलं की त्यांना सावलीत बसवा.

शुक्रवारी सकाळी दहापर्यंत रानाचं रूप पालटलं होतं. म्हणजे रान होतं तसंच होतं. नम्रतानं हुकूम काढला होता, फांदी तोडायची नाही, ढोल वाजवायचा नाही, वारुळाला पिन टोचायची नाही. त्यामुळे साड्या नुसत्या अलगद वेढल्या होत्या आणि पदर उंबराच्या फांदीवरून सोडला होता. दादरच्या फुलबाजारातून मोगरा आला. त्याची वाडी वारुळाच्या डोक्यावर बसली, बाजूबंद कुठं बांधायचे यावर अर्धा तास चर्चा झाली. समोर पाट, रांगोळी, दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा उघडला तर मुलगा, बर्फी उघडली तर मुलगी. हाउसकीपिंगच्या अठरा जणी आल्या, लायब्ररीच्या सहा आल्या, आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरी नट्टापट्टा करून आल्या, ज्या एरवी प्रॅक्टिकललाही येत नाहीत. मोजल्या तर चारशे होत्या. नम्रता म्हणते, साठ.

पहिली ओटी भरायला गंगुबाईनं शेवंतीला पुढं केलं.

"मी?" शेवंती मागं सरली. "आमच्यात ओटीचं एवढं नसतं, बाई. आणि माझा नवरा जाऊन दहा वर्षं झाली."

"म्हणान काय झाला? बावीस वर्सां ह्या रानाक पाणी कोणी घातल्यान? माज्या काकीन? सर फुडे!"

शेवंती पुढं झाली. तिनं पाण्याचा एक तांब्या वारुळापासून हातभर लांब, जमिनीत ओतला. मूठभर तांदूळ ठेवले, नारळ ठेवला. मग हळूच हिरव्या साडीवर तळहात टेकला, पोटुशीच्या पोटावर टेकतात तसा. ते बघून खिदळणाऱ्या पोरींनीही पाचेक सेकंद मोबाइल खाली घेतले. पाचेक सेकंदच. मग गंगुबाईनं गाणं धरलं आणि गंगुबाईनं गाणं धरलं की परळच्या पुलावरची वाहतूक मागे बघते.

तेवढ्यात जयवंत आला. किल्ली बोटात फिरवत, शिट्टी वाजवत. रांगोळी पाहिली आणि शिट्टी अर्ध्यात तुटली.

"हे... हे काय चाललंय?"

"डोहाळजेवण, भाऊ," शेवंती म्हणाली. "बसा ना. जेवूनच जा."

जयवंतनं साडीकडे पाहिलं, मोगऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी उंबराची फळं मोजत होतो.

मागोमाग हितेंद्र साहेब आले. "जयवंत! मशीन सुरू करा! हा काय पोरखेळ? विद्यापीठ आहे हे!"

"साहेब, ओटी भरली ना."

"कोणाची?"

"वारुळाची."

साहेबांनी पुढं काही बोलायच्या आधीच घाणेरीच्या जाळीत खसफस झाली. घड्याळात अकरा वाजले होते. जाळी दुभंगली आणि एक घोरपड बाहेर आली.

अठरा बायका एका किंकाळीत मागं सरकल्या. कुणीतरी ओरडलं, "मुकादमबाई! परत आली गं बाई!" दोन पोरी जेसीबीच्या टपावर चढल्या. त्या कशा चढल्या हे त्यांना अजून आठवत नाही. घोरपड कुणाकडे न बघता थेट पाटापाशी आली, मान उंच केली आणि भली लांब जीभ बाहेर काढली. घोरपडीची जीभ पुढं दुभंगलेली असते, हे तर शाळेत शिकवतात. त्या जिभेचं एक टोक पेढ्याच्या वाटीला लागलं आणि दुसरं बर्फीच्या.

"जुळां!" गंगुबाई नाचायलाच लागली. "जुळां आसत गो!"

मग घोरपड वळली, जेवणासाठी रानात मांडलेल्या गंगुबाईच्या टेबलाखाली गेली, कँटीनच्या दुपारच्या करीसाठी ठेवलेल्या उकडलेल्या अंड्यांचा ट्रे तिनं खाली ओढला आणि एक अंडं अख्खं गिळलं. गळ्यातून ते खाली जाताना सगळ्यांना दिसलं. नम्रता ओरडली, "खायला घालू नका! जंगली प्राण्याला खायला घालायचं नसतं!" आणि घोरपडीनं तिचं ऐकून दुसरं स्वतःच घेतलं.

नम्रता गुडघ्यांवर बसली, मान वाकडी करून तिनं शेपटीच्या मुळाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. ती कुजबुजली, "काका, हा नर आहे."

कुजबुजली, पण हितेंद्र साहेबांच्या कानापर्यंत पोचलं. त्यांनी टाळीच वाजवली. "नर! ऐकलंत? नर आहे! नर कधी अंडी घालतो का? सगळं थोतांड! जयवंत, चला, मशीन!"

सगळ्यांच्या नजरा जयवंतवर. नम्रता वारुळाच्या पुढं जाऊन उभी राहिली. जयवंतनं किल्ली मुठीत धरली, वरच्या ओठाच्या आतून जीभ फिरवली आणि खाकरला.

"साहेब, मी तरी कुठं बाळंत होतो? पोरं तीन आहेत माझी."

"म्हणजे?"

"म्हणजे बापूस इलोहा, साहेबांनू!" गंगुबाई कडाडली. "आवस नाय म्हणान बापूस इलो! जावयाक पाट घाला!"

मग काय विचारता. पोरी टपावरून उतरल्या, कुणी जावयाला औक्षण करायला निघालं, त्यांना नम्रतानं थोपवलं. जावईबापूंनी तिसरं अंडं संपवलं आणि ते ऐटीत भिंतीकडे चालते झाले. साहेबांनी दुसऱ्या ठेकेदाराला फोन लावला. तो लालबागचा. त्यानं आधी एकच विचारलं, "तेच का, मिशा आत वाढतात ते?" तिसरा वडाळ्याचा होता. त्यानं फोनच उचलला नाही, मेसेज पाठवला, 'मला मिशी नाही पण बायकोला सातवा आहे.' माझी थाप गुरुवारी दुपारी कँटीनमधून निघाली होती आणि शुक्रवारी बारापर्यंत वडाळ्याला पोचली होती. एवढ्या वेगानं मुंबईत दुसरं काही जात नाही.

साहेब शेवटी पाटावर बसले. गंगुबाईनं त्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि घावणे वाढले. दुसऱ्या घावण्याला ते म्हणाले, "पण पेंग्विन तर आलाय हो." शेवंती म्हणाली, "गेटवर ठेवू. कचऱ्याला बरा."

सोमवारी सकाळी वन विभागाचा माणूस आला. त्यानं वारुळाभोवती एक फेरी मारली, उकरल्याच्या खुणा पाहिल्या, नम्रताच्या अंगठ्याचा फोटो पाहिला, ऑगस्टपासूनची तिची टिपणवही पानन् पान वाचली आणि पंचनामा लिहून चारी बाजूंनी दोरी बांधली. आता हात लावायचा तर त्याच्या साहेबांच्या साहेबांची परवानगी लागणार होती. दुपारी मूल्यांकन समिती आली तेव्हा त्या दोरीपाशी उभं राहून हितेंद्र साहेब सांगत होते, "ही आमची मूळ कल्पना." नम्रतानं हसू आवरायला माझ्या शर्टाची बाही इतकी ओढली की उसवली.

जूनच्या चार तारखेला, पावसाचा थेंब पडायच्या आधी, वारुळाच्या उगवतीच्या बाजूला बोटभर भोक पडलं. त्यातून एक नाक आलं, मग पिवळ्या ठिपक्यांचं इवलंसं धूड. पहिलं पाहिलं ते शेवंतीनं. नम्रताला फोन करायला गेली आणि नंबरच आठवेना. पिल्लं एक्केचाळीस निघाली. नम्रताच्या वहीत अकरा लिहिलंय, पण तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, त्या डोळ्यांनी काय धड मोजलं असणार? जयवंत संगमेश्वरहून पेढे आणि बर्फी दोन्ही घेऊन आला. त्यानं प्रत्येकाला दोन्ही खायला लावलं.

बारशाला म्हणून मी पुन्हा हिंदमाताला गेलो. टोपडी मिळतात का बघायला, सगळ्यात छोटी. दीपकनं मला ओळखलं.

"काका! सूनबाई सुटल्या का?"

"सुटल्या. सगळी सुखरूप."

"देव पावला!" त्यानं आनंदानं टोपड्यांचा ढीग पुढं ओतला. मग इकडं तिकडं बघून माझ्या कानाशी आला. "काका, घरी काही खोदकाम-बिदकाम काढलं नव्हतं ना मधल्या दिवसांत? तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. ओटी भरलेल्या जागेत कुदळ मारत नाहीत. माझ्या आजोबांच्या गावी एकानं मारली होती. त्याच्या मिशा आत वाढल्या."

"अरे, ते कणकवलीला झालं होतं," मी म्हणालो.

"कणकवली कसली? चिपळूण. माझ्या आजोबांनी त्याला पाहिलाय."

"न्हावी तोंडात दिवा लावायचा ना?"

"दिवा नाही, बॅटरी," दीपक जरा रागावलाच. "काका, माहीत नसलं तर बोलू नये. साधी गोष्ट नाहीये ही. त्या गावात अजून कुणी शिट्टी वाजवत नाही."

मी टोपडी घेतली, पिशवी बगलेत मारली आणि परळच्या दिशेनं चालू लागलो. भारतमाता टॉकीजच्या सिग्नलपर्यंत गेलो असेन. रस्त्यात चर खणला होता, कुठल्यातरी पाइपचा, आणि माझा पाय त्यातल्या मातीवर पडला. आजूबाजूला कुणी बघत नाहीसं पाहिलं आणि जीभ वरच्या ओठाच्या आतून एकदा हळूच फिरवून घेतली.